तेलाचा डबा कुठे बसवायचा

आमच्या हिएतावाराच्या क्लबात शर्यतीच्या गाड्या तपासायचं काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. शर्यतीच्या सकाळी लोक माझ्याशी गोड बोलतात आणि दुपारी तोंड फिरवतात. मलाही लोकांची फारशी हौस नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

ओर्वोक्की हेइकुरा माझी शेजारीण. वय अठ्ठावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे मुलांचं जेवण करते. तिचा नवरा ताउनो दर वर्षी भंगारातली एखादी गाडी उचलायचा, नीट बांधायचा आणि हिवाळ्यात तळ्याच्या बर्फावर पळवायचा. गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात तो वारला, तेव्हा गॅरेजमध्ये एक गाडीचा सांगाडा आणि चादरीत गुंडाळलेलं सुटं इंजिन एवढंच होतं. मग वर्षभर ओर्वोक्की शाळेतून आली की एप्रन काढून गॅरेजमध्ये जायची. इंजिनातलं तेल अडवणाऱ्या नव्या रिंगासुद्धा तिने स्वतःच्या हाताने बसवल्या. मला फक्त दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा जड उचलायला.

आमच्या शर्यतीत एक नियम आहे आणि सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे. जी गाडी धावली, ती त्याच दिवशी ठरलेल्या कमी किमतीला विकत मागायचा हक्क तिथल्या प्रत्येक चालकाला असतो. मागणारे जास्त असले तर चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्याला किल्ली द्यायची. मालक नाही म्हणाला तर त्याचा परवाना जातो. त्यामुळे गाडीत कुणी वारेमाप पैसा घालत नाही आणि आमच्यासारख्यांनाही जिंकता येतं. नियम चांगला आहे, मी तो कधी मोडू दिलेला नाही.

ओर्वोक्कीला मात्र ही गाडी कुणालाही द्यायची नव्हती.

"मग शर्यतीत उतरवूच नकोस," मी म्हणालो. "परसात उभी कर. टपावर फुलझाडं लाव."

"न चालवता? ताउनोचं इंजिन आहे ते, ओइवा. काकडीच्या लोणच्याची बरणी नाही."

"चालवलीस की कुणीतरी मागणारच."

"बघू," ती म्हणाली. तिच्या 'बघू'ची मला धास्ती वाटते.

शेवटी काम राहिलं तेलाच्या डब्याचं. धावत्या इंजिनातून तेलकट वाफ बाहेर पडते. ती नळीने एका डब्यात सोडावी लागते, नाहीतर तेल बर्फावर सांडतं आणि मागून येणारे घसरतात. डबा किती मोठा आणि किती घट्ट हवा, हे नियमात लिहिलंय. कुठे हवा, ते नाही. ओर्वोक्की तीन रविवार रिकामी बाटली सुतळीने इकडे तिकडे बांधून बघत होती. बॅटरीजवळ जागा नव्हती. धुराच्या नळकांड्यावर एक थेंब पडला तरी आग. उरल्या दोन जागा. एक, इंजिन आणि बैठकीच्या मधली पत्र्याची भिंत. तिथे ऊब असते, पण हात जेमतेम शिरतो. दुसरी अगदी पुढे, हेडलाइटच्या मागे, ऐसपैस.

"भिंतीवर बसव," मी म्हणालो. "पुढे वारा लागतो. उन्हाळ्यात चालेल, पण जानेवारीत वाफेतलं पाणी गोठेल."

"पुढे छान दिसतो."

"डबा काय दिसायला हवा? लग्नाला निघालाय का?"

ती हात पुसत बसली आणि तिने विषय बदलला.

शर्यतीच्या सकाळी मी तिच्या गाडीचं बॉनेट उघडलं. समोरच, हेडलाइटच्या मागे, डबा म्हणून आरपार दिसणारी बाटली घट्ट बसवलेली होती. आत निम्म्यापर्यंत करपलेल्या रश्शासारखा काळपट गाळ.

"हे काय गं? नव्या रिंगांचं इंजिन, अजून एक फेरी मारलेली नाही, आणि एवढं तेल?"

"म्हातारं झालंय बिचारं."

"ओर्वोक्की."

"डबा मोठा आहे ना? घट्ट आहे ना? मग सही कर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी मागणारा माणूस आधी बॉनेट उघडतो आणि तेलाचा डबा बघतो. डबा भरलेला म्हणजे इंजिन संपलेलं. हिने ट्रॅक्टरचं जुनं तेल आणून बाटलीत ओतलं होतं. मला खरं तर गंमतच वाटली. गोठण्याचं मी तिला पुन्हा बजावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, सही केली. तेवढा दोष माझा.

त्या दिवशी पारा उणे चोवीसवर होता. पहिल्या शर्यतीत ती तिसरी आली. मग राउनो प्युक्कोनेन बॉनेट उघडून बघायला आला. हा लाकूड वाहायचा ट्रक चालवतो, हाताला कसब आहे, आणि त्याची चांगली गाडी गेल्या वेळी दुसऱ्याने मागून नेली होती, या वेळी तो कसल्यातरी जुनाट गाडीवर धावत होता. त्याने वाकून बाटली पाहिली, नाक मुरडलं.

"गेलंय हे," म्हणाला आणि भाजलेलं सॉसेज आणायला गेला. ओर्वोक्की कॉफीच्या कपात तोंड खुपसून उभी होती. हसू लपवत होती, दुसरं काय.

दुसऱ्या शर्यतीत चौथ्या फेरीला तिची गाडी एकदम बाजूला आली. तिनेच घेतली होती, जळक्या तेलाचा वास आला म्हणून. मी जाऊन बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी आतल्या दाबाने उडून बाहेर पडली होती आणि सगळं इंजिन तेलाने माखलं होतं. बाटलीकडची नळी ओढून काढली, तर तिच्या तोंडात बोटभर बर्फाचं बूच. वाफेला बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती.

"अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या तर?" तिने विचारलं.

"मागचं सील फुटून सगळं तेल वाहून गेलं असतं. पुढचं तूच ओळख."

तिने नळीतलं बर्फाचं बूच उकरून हातात घेतलं. मग मी कुठलाही शेजारी म्हणाला असता तेच म्हणालो, "आता हलवू नकोस. तेलाने बरबटलेली गाडी कोण मागतंय? संध्याकाळी ट्रेलरवर घालून घरी नेऊ. तुझी ती तुझीच राहील."

तिने हातातलं बर्फाचं बूच उलटसुलट करून पाहिलं.

"ठेवून घ्यायची म्हणून मी तिचाच गळा आवळला, ओइवा," ती म्हणाली. "दहाचा पाना दे."

अंतिम शर्यतीला चाळीस मिनिटं होती. भिंतीजवळ माझा हात शिरेना, तिचा मनगटापर्यंत गेला. राउनो न बोलावता त्याच्या ट्रकमधून बाटली आवळायला लोखंडी पट्टी आणि टॉर्च घेऊन आला. आमच्याकडे अडलेल्याला मदत करायला कुणी विचारत बसत नाही, मग तो तुमच्याविरुद्ध का धावत असेना. त्याने उजेड धरला. तिने गाळ ओतून टाकला, बाटली धुतली, भिंतीवर बसवली, तेल मोजायची पट्टी जागेवर घातली, तेल भरलं आणि इंजिन सुरू केलं. राउनो कान देऊन ऐकत राहिला. मग त्याने बाटलीत पाहिलं. ती कोरडी होती.

"हे गेलेलं नाही," तो म्हणाला.

ओर्वोक्कीला अजूनही काहीतरी थाप मारता आली असती. मी तिच्याकडे बघत होतो.

"नाही," ती म्हणाली. "ठणठणीत आहे."

अंतिम शर्यतीत ती दुसरी आली, राउनोच्या पुढे, एका गाडीच्या अंतराने. बाटलीत चमचाभर पाणी जमलं होतं, तेही न गोठलेलं. तिच्या गाडीला तीन जणांनी मागणी घातली. चिठ्ठी काढायचं काम माझंच असतं. माझ्या टोपीत तीन चिठ्ठ्या टाकल्या आणि मी मनातल्या मनात प्रार्थना केली, कशाची ते मलाही ठाऊक नाही, कारण तिन्हींपैकी एकीवरही तिचं नाव नव्हतं. राउनोची चिठ्ठी निघाली.

"ताउनोचं इंजिन मिळालं," तो तिचा हात हातात घेत म्हणाला. "नशीबवान आहे मी."

"बांधलंय मी," ओर्वोक्की म्हणाली आणि तिने किल्ली दिली. आवाज अगदी नेहमीचा.

परत येताना मी गाडी चालवत होतो, मागे रिकामा ट्रेलर खडखडत होता. तळं मागे पडलं तशी ती रडायला लागली, हातमोजा तोंडावर धरून, चांगली हुंदके देऊन. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. पूल ओलांडल्यावर मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढंच सुचलं.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"ताउनो गाडी देऊन यायचा ना," ती म्हणाली, "त्या दिवशी जेवताना अवाक्षर काढायचा नाही. मी विचारायचे, काय रे, आवडलं नाही का? तो म्हणायचा, दमलोय."

पुढचं वळण मी सावकाश घेतलं.

"तीस वर्षं मला ते खरं वाटत आलं," ती म्हणाली.