कंडक्टरकाकांची डबल बेल

आमच्या उमरखेडात प्राणायाम घंटीवर चालतो. एक घंटी झाली की श्वास रोखायचा, दोन झाल्या की सोडायचा. ही पद्धत कुठल्या ऋषीनं सांगितलेली नाही, ती कंडक्टरकाकांची. उभी हयात एसटीत काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी मैदानातल्या कडुनिंबाला एक घंटी टांगली, तिला दोरी बांधली आणि रोज सकाळी तिच्याखाली खाकी पँट घालून बसू लागले. पद्मासनाला ही पँट फार तंग होते असं कुणी सुचवलं, तर म्हणायचे, "ड्युटी आहे न बाप्पा."

मी तिथं हौसेनं गेले नव्हते. महागावच्या शाळेत मी शिकवते, रोज बसनं जाणंयेणं. एका सकाळी भरलेल्या बसमध्ये छातीत अशी धडधड सुरू झाली की आता मरते असंच वाटलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत आहे, ही भीती आहे, असं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येऊ लागली, पण बसच्या पायरीवर पाय ठेवला की श्वास अडायचा आणि मी घरी परतायची. रजा संपत आली होती. शाळा खासगी. माझ्या जागी दुसरी बाई बघणं सुरू झालंय, हे शाळेच्या शिपायानं मला मोठ्या मायेनं कळवलं.

काकांनी सगळी हकीकत ऐकून पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या सीटवर होत्या?"

"शेवटच्या."

"मंग धडधडनच."

मग मला श्वास घ्यायला सांगून ते बघत राहिले. मी घाईघाईनं घेत होते, वर आणखी घेत होते. "मॅडम, नुसतेच चढवून राह्यल्या तुम्ही," ते म्हणाले. "आतले उतरलेच नाई, तं नवे कुठं बसतीन? आधी उतरू द्या. सारे उतरू द्या. चढणारे मंग आपोआप चढते." पुढं कित्येक सकाळी मी फक्त उतरवत होते, शेवटचा म्हातारा काठी टेकत उतरेपर्यंत. गोळ्या मात्र त्यांनी बंद करू दिल्या नाहीत. डॉक्टर म्हणजे डेपो मॅनेजर, त्याच्या हुकमाबाहेर जायचं नाही. बीपीवाल्यांना श्वास रोखायला मनाई होती. त्यांची गाडी नॉनस्टॉप.

पहिल्या रांगेत रामधनभाऊ बसत. हे तांड्यावरचे, आणि काकांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर. डबल बेल झाल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नव्हती, म्हणून आता श्वासही हलवत नसत. एकदा काकांनी एक घंटी दिली आणि नेमकी एक म्हैस मैदानात शिरली. काका तिला हाकलायला गेले, मग तिच्या मालकाशी भांडायला गेले. आम्ही सगळ्यांनी गुपचूप श्वास सोडून दिला. रामधनभाऊ तसेच. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, मग ते आडवे झाले. काका धावत आले, तोंडावर पाणी मारलं आणि ओरडले, "अरे, सोडाचा न श्वास! काहून धरून बसला?"

रामधनभाऊ डोळे न उघडता म्हणाले, "बेल कुठं देल्ली तुनं?"

 त्यानंतर म्हैस आली तरी काकांच्या हातातून दोरी सुटत नसे.

रजा संपायच्या आदल्या आठवड्यात ते मला घेऊन स्टँडवर गेले. माझ्याबरोबर चढले मात्र नाहीत. दाराशी उभे राहून एवढंच म्हणाले, "आधी उतरू द्या." आलेली माणसं उतरली, माझा श्वास उतरला, मी चढले. महागावपर्यंत मी रडत गेले आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता मला चिवडा दिला. नोकरी राहिली.

गेल्या हिवाळ्यात काकांच्या फुप्फुसांनी दगा दिला. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले. अर्ध्या गावाला श्वास शिकवणारा माणूस नाकात नळी घालून श्वास घेत होता. मला भयंकर राग आला, कुणाचा ते ठरवता येईना.

"यष्टीनं आल्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जागा भेटली?"

"नाही. सारा रस्ता उभ्यानं आले."

त्यांना इतका आनंद झाला की खोकल्याची उबळ आली. परतीच्या गाडीची वेळ झाली तरी माझा पाय निघेना. आता गेले की पुन्हा भेट नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. काकांनी बोटातल्या अंगठीनं खाटेच्या लोखंडी दांड्यावर दोनदा ठोकलं.

"चला मॅडम. गाडी लेट होऊन राह्यली."

त्याच आठवड्यात ते गेले. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या सकाळी सगळे मैदानात आले, घरी बसून तरी काय करणार? कडुनिंबाखालची जागा रिकामी होती.  सवयीनं सगळ्यांनी श्वास भरून घेतला, थोडा धरला आणि सोडलाही. रामधनभाऊंनी सोडला नाही. ते डोळे मिटून ताठ बसले होते. चेहरा लाल होऊ लागला.

मी उठले, झाडाशी गेले आणि दोरी दोनदा ओढली.

रामधनभाऊंनी श्वास सोडला आणि मोठ्यानं रडायला लागले. आम्ही त्यांना थांबवलं नाही. सारं उतरू दिलं.