समाच्या केबिनची चावी

आमच्या खात्याचा कॉम्प्युटर बडोद्याला सयाजीगंजच्या मुख्य कचेरीत एसी खोलीत राहत असे. चपला बाहेर काढूनच आत जायचं. उन्हाळ्यात साहेबलोकांची तिथली कामं एकाएकी वाढत. समा, फतेगंज अशा शाखांचे शिपाई कागदांचे गठ्ठे आणायचे, आम्ही आकडे भरायचो, आणि छापलेले तक्ते घेऊन ते परत जायचे.

मग वाद निघाला: एकच मोठं मशीन इथे ठेवायचं, की शाखाशाखांना छोटी मशीनं द्यायची? आमच्या खोलीचे प्रमुख, निवृत्तीला आलेले जुने बडोदेकर साहेब, एकाच जागेच्या बाजूचे. "चार ठिकाणी गेलं की त्याला कोणी वाली राहणार नाही," म्हणायचे. मी विरुद्ध पक्षात, तावातावाने. मीटिंगमध्ये लोकांची सोय, कामाचा वेग वगैरे बरंच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमचं घर समाला ना?"

"हो," मी म्हटलं. "मुलगी दुपारी शाळेतून येते तेव्हा घराला कुलूप असतं. शेजारच्या बेनच्या झोपाळ्यावर डबा खात बसते. मला ते आवडत नाही."

सगळे हसले. मला राग आला, पण खरं कारण तेच होतं.

हो-ना करता करता आमचा पक्ष जिंकला आणि समाच्या मशीनबरोबर माझीही बदली झाली. मशीनवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, नारळ फुटला, पेढे वाटले. मग समाचे साहेब म्हणाले, "बेन, आ तो नाजूक वस्तु छे. मारी केबिनमां ज राखीए." एसी तिथेच होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून केबिनबाहेर चपलांची रांग लागली. दुपारी साहेब कुलूप लावून, चावी खिशात टाकून घरी जेवायला जात आणि मस्त झोप काढून येत. म्हणजे एवढं भांडून आम्ही मशीन एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत कोंडलं होतं. माझा नुसता संताप झाला.

काही दुपारी मी व्हरांड्यात चरफडत बसले. मग डोक्यात प्रकाश पडला. घर तर पलीकडच्याच गल्लीत होतं. मी मुलीबरोबर गरम वरणभात जेवायला लागले. राहिलेलं काम संध्याकाळी उरकायचं, तेव्हा हे घरी मुलीजवळ असत. साहेबांची झोप अशीच गाढ राहो, एवढीच माझी प्रार्थना होती.

आणि एका दुपारी मी पर्स उचलून निघाले, तोच सयाजीगंजचे आमचे जुने साहेब पाहणीला आले. सवयीने बूट काढून बंद केबिनसमोर नुसत्या मोज्यांवर उभे राहिले. मशीन असं कुलपात पडून असतं, एवढं त्यांनी वर कळवलं की ते सयाजीगंजला परत जाणार, आणि त्याच्यामागून मी.

"चावी?"

"साहेबांकडे. ते जेवायला गेलेत."

"आणि तुम्ही?"

"मीही निघालेय. मुलगी यायची वेळ झाली."

त्यांनी बूट घातले. मी म्हटलं, "तुम्हीही चला जेवायला." ते आले.

कोण आहेत हे कळताच मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही आईला परत नेणार?"

"मी जेवायला आलोय," ते म्हणाले आणि वरण वाढून घेतलं.

परत आल्यावर ते समाच्या साहेबांशी दार लावून बोलले. बाहेर आले ते चावी घेऊनच, आणि ती माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, संपलं. आता मशीन दिवसभर उघडं, आणि माझी दुपार गेली.

"मशीन इथेच राहील," ते म्हणाले. "चावी तुमच्याकडे. रोजचं काम रोज झालं पाहिजे." मग बूट घालता घालता त्यांनी मान वर केली. "आणि बाई, दुपारी कुलूप लावायला विसरायचं नाही."