आतोबांची फसफसगोळी

संडास या विषयावर माझ्या आतोबांइतकं मनापासून, प्रेमानं आणि भरल्या ताटावर बसून बोलणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात झाला नाही, आणि पुढे होईल असं मला तरी वाटत नाही. आत्या वरण वाढत असायची आणि हे समोर मांडी घालून सांगायचे, "आज शेवटचा जरा बरा होता. मधल्याचं मात्र काही खरं नाही." आत्या डाव तसाच हवेत धरून म्हणायची, "अहो, जेवताय ना?" आणि आतोबा अगदी निरागस चेहऱ्यानं, "जेवतोय की. म्हणूनच तर पुढचा विचार करावा लागतो."

आत्याचं बिऱ्हाड तेव्हा आकुर्डीत एका बैठ्या चाळीत होतं. मी टायपिंगच्या क्लाससाठी त्यांच्याकडे राहायला आले होते. चाळीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून तीन संडास, आणि वारा नेमका तिकडून इकडे वाहायचा, त्यामुळे विषय तसा आपोआपच घरात यायचा. पण बाकीचे लोक नाक मुरडून गप्प बसायचे. आतोबा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. ते कंपनीत तपासणी खात्यात होते, म्हणजे दिवसभर लोखंडाचे तुकडे उचलायचे, मापाला लावायचे, उजेडाला धरायचे आणि "पास" नाहीतर "रिजेक्ट" म्हणायचं. रिजेक्ट मालावर लाल रंगाचा ठिपका. ही सवय गेटपाशी ठेवून घरी यावं ना, तर नाही. घरी आले की पोळी उजेडाला धरायचे. टोमॅटो बोटानं ठोकून बघायचे. एकदा मी नवीन चपला आणल्या तर त्यांनी दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "डावी रिजेक्ट." आणि खरं सांगते, डावीच आधी तुटली. तेव्हापासून मी काहीही आणलं की पिशवीतून काढायच्या आधी त्यांचा चेहरा बघायचे.

आता या माणसाला संडासाचा एवढा ध्यास का लागला, तर त्याचं कारण सुमनताई. सुमनताई म्हणजे आत्याची एकुलती एक मुलगी, माझ्याहून थोडी मोठी, शांत, आणि इतकी छान हसायची की समोरच्याला आपण काहीतरी भारी बोललो असं वाटायचं. तिला बघायला साताऱ्याकडचे लोक आले होते. पोहे झाले, चहा झाला, सगळं गोडीत चाललेलं. तेवढ्यात मुलाची मामी "जरा जाऊन येते" म्हणून चाळीच्या टोकाला गेली आणि पदर नाकाला लावूनच परत आली. तो पदर तिनं निरोप घेईपर्यंत खाली केला नाही. मग काही दिवसांनी मध्यस्थांकरवी कळलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवलेली होती. जुळला नाही तो वास. आत्या रडली. ताई नुसत्या कपबशा विसळत राहिली, त्याच त्याच. आतोबा ओट्यापाशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मुलीत काही खोट नाही. ड्रेनेजमध्ये आहे. आणि ड्रेनेज माझ्या हातातलं आहे." आत्या म्हणाली, "हात धुऊन घ्या मग." पण हसली तेव्हा.

आधी त्यांनी फिनेल आणलं. चाळीत एवढं फिनेल कुणी कधी ओतलं नसेल. पण दोनच दिवसांत त्यांनीच ते रिजेक्ट केलं. का, तर म्हणे फिनेलचा वास आला की माणसाला लगेच कळतं की इथं काहीतरी लपवलंय. त्यांना असा वास हवा होता की इथं कधी काही झालंच नाही असं वाटावं. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी त्यांना पित्त झालं म्हणून आत्यानं लिंबाच्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून दिला. पेला फसफसला. आतोबांनी तो उजेडाला धरला. फसफस संपेपर्यंत तसाच धरला. आत्या म्हणाली, "अहो, प्या ना." हे म्हणाले, "गप. काम चाललंय त्याचं." पित्त राहिलं बाजूला, पायात चपला घालून थेट पिंपरी कॅम्पात. तिथल्या दुकानदाराकडून खायचा सोडा आणि लिंबूफूल, म्हणजे ती लिंबाच्या आंबटपणाची पांढरी बारीक साखरेसारखी पूड असते ना, ती घेतली, आणि तीही एवढी की दुकानदार म्हणाला, "काकाजी, अचार का धंदा निकाला क्या?" आतोबा म्हणाले, "उसके बाद का धंदा है." तो बिचारा अजून विचार करत असेल.

पहिला प्रयोग आत्याच्या भाकरीच्या परातीत झाला. दोन्ही पुडी एकत्र केल्या आणि कणीक भिजवावी तसं वरून पाणी घातलं. मग काय व्हायचं ते झालं. परात अशी काही उसळली की फेस ओट्यावरून चुलीवर, चुलीवरून जमिनीवर, आणि आतोबा दोन्ही हातांनी तो परत परातीत ढकलतायत. आत्या धावत आली, तिला वाटलं दूध उतू गेलं. त्या रात्री आमच्याकडे भाकरी झाली नाही, पण मोरी मात्र लख्ख झाली हे आत्यानंही कबूल केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की याची गोळी वळायची तर पाणी जेमतेम पाहिजे, नसल्यासारखं. पण जेमतेम म्हणजे किती? हात ओला करून पाहिला, कापड पिळून पाहिलं. प्रत्येक वेळी गोळी जागच्या जागीच फसफसून मोकळी. शेवटी एका लग्नात दारात एक पोरगी गुलाबदाणीनं सगळ्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत होती. आतोबा तिच्यासमोरून आत गेले, मागच्या दारानं बाहेर आले आणि परत आत गेले. असं त्यांनी इतक्यांदा केलं की ती पोरगी म्हणाली, "काका, तुमचं झालंय." त्यांना शिंपडल्यावर शर्ट किती ओला होतो ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती गुलाबदाणी लग्नघरून मागून आमच्या घरात आली. परातीत कोरडी पूड, थोडं आरारूट, वाळ्याच्या अत्तराचे थेंब, आणि वरून आतोबा गुलाबदाणी झटकतायत, जणू सोड्याचंच लग्न लागलंय. मुठीत दाबलं की ओल्या वाळूसारखं धरलं पाहिजे आणि बोटानं टोचलं की मोडलं पाहिजे. एवढं जमलं की पास.

आकार कसा द्यायचा यावरून मात्र घरात मोठं भांडण झालं, कारण त्यांनी फळीवरून मोदकाचा साचा काढला होता. आत्या नुसती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला हात लावाल तर मी माहेरी जाईन आणि बाप्पालाही घेऊन जाईन." साचा फळीवर परत गेला. मग आतोबांनी कंपनीतून साहेबांची परवानगी काढून भंगारातली एक लोखंडी टोपी आणली, लाल ठिपका असलेली. तो ठिपका त्यांनीच लावलेला. स्वतः रिजेक्ट केलेली वस्तू त्यांनी जन्मात पहिल्यांदा पास केली. आणि त्या टोपीतून निघालेली गोळी काय सुरेख दिसायची, पांढरी, गोल, कडेला बारीक खाचा. पावसाळ्यात मात्र हवेतल्या ओलीनंच गोळ्या फुगायच्या. एकदा ते साहेबांना दाखवायला जेवणाच्या डब्यात भरून घेऊन निघाले, आणि शिफ्टच्या बसमध्ये डब्याचं झाकण असं काही उडालं की मागच्या सीटवरचे सगळे खाली वाकले. आतोबा उठून म्हणाले, "घाबरू नका, संडासाचं आहे." त्यानंतर स्टॉप येईपर्यंत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

तर गोळी जमली. संडासात टाकायची, वर तांब्याभर पाणी, की भांड्यात फस्स करून पांढरा फेस चढायचा, सगळीकडे वाळ्याचा गारवा पसरायचा, आणि खरंच वाटायचं इथं कधी काही झालंच नाही. आतोबांनी चाळीत घरोघरी गोळ्या वाटल्या. आणि इथंच घोळ झाला. सकाळच्या रांगा दुप्पट झाल्या. कारण आत गेलेला माणूस बाहेरच येईना. आमच्या शेजारी काशीनाथभाऊ राहायचे, मूळचे निघोज्याचे, पहिल्या शिफ्टला जाणारे. एकदा ते आत गेले ते गेलेच. बाहेर डबे घेऊन रांग उभी. कुणीतरी दार वाजवलं, "ओ भाऊ, झालं का न्हाई?" आतून शांतपणे आवाज आला, "झालंय कवाचं. जरा थांब की, अजून फसफसतंय."

सगळ्यांचं तेच. मोठमोठी मिशीवाली माणसं गोळी टाकून फेसाकडे बघत बसायची. शिफ्टच्या बस चुकायला लागल्या. आतोबांची पंचाईत झाली. एकीकडे अभिमान, एकीकडे चिडचिड. त्यांनी लाल रंगानं तिन्ही दारांवर लिहिलं, "गोळी टाकावी व बाहेर यावे." काशीनाथभाऊ म्हणाले, "राव, तुमीच जत्रा भरवताय आन तुमीच म्हणताय बघू नका." आतोबा म्हणाले, "बघायला नाही केलेली ती. माझ्या पोरीसाठी केलीये."

मग एका रविवारी चाकणचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. त्याचा फोटो बघून सुमनताई पहिल्यांदाच आपणहून "चालेल" म्हणाली होती, आणि फोटो उजेडाला धरून आतोबा "पास" म्हणाले होते. पण सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या घरात शब्द चालतो तो मुलाच्या मावशीचा. मावशी म्हणाली हो तर हो. आतोबा सकाळपासून तिकडेच. फरशा घासल्या, भिंती घासल्या, आणि चाळीत प्रत्येकाला हात जोडून सांगून आले, "संध्याकाळपर्यंत तेवढं आवरून धरा." काशीनाथभाऊ म्हणाले, "पोटाला काय घड्याळ कळतं व्हय? पण सुमीसाठी धरतो."

मंडळी आली. मावशी चांगल्या उंचपुऱ्या, धिप्पाड, आणि एकदाही न हसता घराच्या चारी भिंती बघणाऱ्या. पोहे झाले. मुलगा ताईकडे बघून इतका लाजला की त्याच्या हातातल्या चमच्यातले शेंगदाणे बशीत पडले. सगळं छान चाललेलं, आणि मावशींनी बशी खाली ठेवून विचारलं, "हात-पाय धुवायला कुठं जायचं?"

आत्याचा चेहरा पडला. ताईनं खाली बघितलं. आतोबा मात्र उठले, फळीवरून स्टीलची वाटी काढली, तिच्यात एकच गोळी, आणि दोन्ही हातांनी मावशींच्या पुढे धरली. "ही आत टाकायची. वर तांब्याभर पाणी." मावशींनी वाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आधी का नंतर?" आतोबा म्हणाले, "नंतर."

मी त्यांना टोकापर्यंत सोडून आले. दार लागलं. आम्ही वाट बघत बसलो. चहा झाला. चहाच्या कपांवर साय धरली. मावशी काही येईनात. मुलाचे वडील पंख्याकडे बघायला लागले. आत्या माझ्या कानात म्हणाली, "चक्कर आली असेल गं त्यांना." आतोबा उठायचे, बसायचे, परत उठायचे. शेवटी त्यांना राहवेना, ते टोकाला गेले, मी त्यांच्या मागे. तिथं काशीनाथभाऊ डबा घेऊन उभे, अगदी निरुपायानं, एका पायावरून दुसऱ्या पायावर. आतोबांचा चेहरा पांढरा झाला होता. त्यांनी हळूच दारावर टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, बऱ्या आहात ना? झालं का?"

आतून मावशींचा आवाज आला, एकदम मऊ झालेला. "झालंय हो केव्हाचं. थांबा जरा, अजून फसफसतंय."

आतोबा तिथंच पायरीवर बसले. ज्या वाक्यासाठी ते चाळीतल्या प्रत्येकाशी भांडले होते, ते ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काशीनाथभाऊ म्हणाले, "रडू नका राव, मलाबी रडू येतंय, पन मला जायाचंय." आणि दार उघडून मावशी बाहेर आल्या त्या पदर खांद्यावर, नाक उघडं, आणि पहिलं काय विचारलं, तर, "अजून एक आहे का हो? आमच्या घरी दाखवायला."

लग्नात रुखवतावर चिरोटे, अनारसे, लोकरीचं तोरण आणि मधोमध जरीच्या कागदात आतोबांच्या गोळ्यांची उतरंड होती. मुलाच्या मामांनी पेढा समजून एक उचललीच होती, पण काशीनाथभाऊंनी त्यांचा हात वरच्या वर धरला. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती उतरंड दाखवत होत्या. ताईच्या दिवाळीच्या फराळाबरोबर अजूनही दर वर्षी एक डबा चाकणला जातो, झाकणाला दोरी बांधून.

आता आतोबा रिटायर झालेत. संत तुकाराम नगरात त्यांनी ब्लॉक घेतलाय, संडास आतच, पांढऱ्या फरश्यांचा, आणि तिथं वास येण्यासारखं काही नाही. तरी गोळ्या चालूच आहेत. गुलाबदाणी त्यांनी जन्मभरासाठी ठेवून घेतली, आणि मागणारंही कुणी आलं नाही. मला आता पिंपरीतच टायपिस्टची नोकरी लागलीये, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाते. मागच्या वेळी गेले तर आत्या म्हणाली, "बस, ते आत गेलेत. कधीचे." मग हळूच म्हणाली, "इथं कुणी बाहेर थांबलेलंच नसतं गं. त्यांना करमत नाही."

मी उठून गेले. दाराआडून बारीक फस्स ऐकू येत होतं, आणि वाळ्याचा वास. मला काही जायचं-बियचं नव्हतं. तरी मी टकटक केलं आणि म्हटलं, "आतोबा, झालं का?"

आतून त्यांचा आवाज आला, खूश झालेला.

"झालंय कवाचं. थांब की जरा."