नंदादीपापाशी ठेवलेली डबी

मुलुंडच्या आमच्या घरात नवरात्राचा नंदादीप मी अखंड तेवत ठेवतो. मागे माझा डोळा लागला असता देवघराचा पडदा होरपळला होता. तेव्हापासून मुलगा विजेची समई आणण्याचा आग्रह धरून आहे. परंतु विजेच्या दिव्याला ज्योत मानणे मला जमत नाही.

यंदा घटस्थापनेच्या सकाळी, अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीने दिव्यासमोर एक काळी डबी ठेवली. डबीला काचेचा बारीक डोळा होता. माझ्या चुका टिपून मुलाला कळवण्याचीच ही योजना असावी, असा संशय माझ्या मनात घर करून बसला.

तिसऱ्या माळेला, ज्योत खंडित होऊ नये म्हणून शिरस्त्याप्रमाणे नंदादीपावर आधी निरांजन लावून घेतले आणि मग वातीची काजळी झाडू लागलो. ज्योत मंदावताच डबी कर्कश वाजली.

"केलीस ना चुगली?" मी नातीला विचारले.

"आजोबा, ती तुम्हाला बघतच नाही, फक्त ज्योत बघते. बाबांना कॅमेरा हवा होता, मीच नको म्हटलं. दिवा विझला किंवा भडकला तरच ती वाजायला हवी. काजळीचं मला ठाऊकच नव्हतं ना. किती वेळ लागतो?"

"एक श्लोक म्हणून होईपर्यंत."

"मग म्हणा, मी वेळ मोजते. तेवढा वेळ ती गप्प बसेल असं करते."

तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असे वाटत होते. तरीही डबीच्या डोळ्याकडे पाहत तो श्लोक मी नेहमीपेक्षा जरा संथच म्हटला.