ईशान्य कोपऱ्यातली टाकी

खड्डा खोदला की माती निघते, आणि साइट चालू झाली की किस्से निघतात. माती निदान डंपरमध्ये भरून वलगाव रोडला नेऊन ओतता येते. किस्से डोक्यातच साचतात. अकोल्यात आणि अमरावतीत मिळून सव्वीस वर्षं साइट इंजिनीअर म्हणून काढली, पण एकाच साइटवर पहिल्या आठ महिन्यांत एवढे किस्से कधी साचले नव्हते. त्यातले हसण्यासारखे कमी आहेत, आधीच सांगतो. मित्र म्हणतात, "गावंडे, तू किस्सा सांगून राहिला का भांडून राहिला?" दोन्ही करतो. सध्या त्या खड्ड्यात पाणी आहे आणि मला वेळ आहे.

साइट म्हणजे अमरावतीच्या ऐन मध्यावरचा बावीस मजली टॉवर. म्हणजे होणारा. पत्र्याच्या कुंपणावर त्याचं चित्र होतं. वर काचेची इमारत, खाली कारंजं, आणि कारंज्याजवळ गोरी माणसं कुत्रं फिरवताना. अमरावतीच्या मे महिन्यात काचेच्या इमारतीखाली कोण कुत्रं फिरवतं, हे मी विचारलं नाही. कंपनीत नवीन होतो.

त्या चित्रात एक गोष्ट नव्हती. पत्र्याला लागून, पूर्वेच्या बाजूला, तायडे बाईंचं घर आहे. दोन खोल्या, पडवी, गच्चीवर पंचशील झेंडा. वडिलांनी बांधलेलं. बाई एकट्याच राहतात. चित्र काढणाऱ्याने तिथं झाडं दाखवली होती.

*

आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला सगळी साइट 'होऊन जाईल साहेब' म्हणायची. सिमेंट आलं नाही, होऊन जाईल. मजुरांना संडास नाही, होऊन जाईल. माणूस गोड, राग यायला जागाच द्यायचा नाही. मला तरी यायचा.

पहिल्याच महिन्यात मातीचा तपासणी रिपोर्ट आला. या रिपोर्टवर बावीस मजल्यांचा पाया ठरतो. चहा पीत चाळत होतो, तर सातव्या पानावर लिहिलेलं, "सदर प्लॉट मोर्णा नदीच्या काठाजवळ असल्याने..."

मोर्णा अकोल्यात आहे हो! अमरावतीच्या शाळेतलं पोरगंही सांगेल. अकोल्याच्या कुठल्या तरी कामाचा रिपोर्ट उचलून वरचं नाव तेवढं बदललं होतं. मी तसाच उठलो आणि रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर टाकला. त्यांनी शांतपणे वाचला.

"मग नदीचं नाव काढून टाका ना, गावंडे."

"आणि टाकू काय?"

"आपला गावातला अंबा नाला टाका. होऊन जाईल."

पंधरा दिवस भांडलो, तेव्हा मातीचे नमुने काढायला खरे बोअर मारले गेले. वरती चार मीटर काळी माती, मग मुरूम, मग दगड. नाला कुठंच लागला नाही.

*

पाया नव्हता, पण सॅम्पल फ्लॅट तयार होता. एसी, सोफा, भिंतीवर धबधब्याचं चित्र. आमच्या बायामाणसांना हातपाय धुवायला नळ नव्हता आणि तिथल्या नकली बाथरूममध्ये सोनेरी तोटी होती. तिच्यातून पाणी येत नसे, हा भाग वेगळा.

एकदा नांदगाव खंडेश्वरहून एक शेतकरी जोडपं फ्लॅट बुक करायला आलं. चांगली बागायत असलेली माणसं, मुलगी अमरावतीत डॉक्टर. काकांनी सोफ्यावर बसायच्या आधी खिडकीतून खाली खड्डा पाहिला. काळ्या मातीचा कापलेला थर दिसत होता.

"हे आमच्याच वावरातली माती दिसते," काका म्हणाले. "उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगते. आमच्या कुंपणाचा खांब दोन पावसाळे सरळ रायत नाई. तुमी यावर बावीस मजले कावून उभे करून रायले?"

सेल्सची मॅडम नागपूरहून ट्रेनिंग घेऊन आली होती. हसत म्हणाली, "काका, ही माती प्रीमियम लोकेशनची आहे."

काकांनी बायकोकडे पाहिलं. "चाल वं," म्हणाले, "इचा बाप कास्तकार नसन." चहाही घेतला नाही त्यांनी.

*

सेफ्टी सप्ताहाचा किस्सा तर मला आजही गिळवत नाही. मुख्य ऑफिसातून फोटो मागितले होते. सकाळी टेम्पोतून पिवळी हेल्मेटं उतरली, कोरी करकरीत. सगळे मजूर रांगेत उभे केले, हात पुढे करून शपथ घेतली, "मी हेल्मेटशिवाय काम करणार नाही." टाळ्या झाल्या, फोटो झाले.

फोटो झाल्यावर हेल्मेटं गोळा करायला लागले. अकोल्याच्या साइटवर दुपारी हीच शपथ होती, टेम्पो निघायचा होता.

सुखदेव मिस्त्री वलगावचा. चाळीस वर्षं लोखंड बांधलेला माणूस, एका हाताची दोन बोटं कामावरच गेलेली. त्याने हेल्मेट काढून टेम्पोवाल्याच्या हातात दिलं आणि साहेबांना विचारलं, "साहेब, शपथ इथंच ठेवू का तेबी अकोल्याले पाठवू?"

साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फार बोलता."

सुखदेव उघड्या डोक्याने खड्ड्यात उतरला. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली, कारण माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि ते कुणी मागितलं नव्हतं.

*

आता टाकी. ड्रॉइंगप्रमाणे जमिनीखालची पाण्याची टाकी दक्षिणेला, रॅम्पखाली होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस मालकांनी वास्तूवाले गुरुजी आणले. गुरुजींनी होकायंत्र काढलं, खड्ड्याभोवती फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"दक्षिणेला पाणी? बावीसच्या बावीस मजले रिकामे राहतील. पाणी ईशान्येलाच पाहिजे."

ईशान्य कोपरा म्हणजे तायडे बाईंच्या भिंतीला खेटून. टाकीचा तळ तळघराच्याही खाली जाणार, म्हणजे दगड फोडत जायचं, आणि तेही त्यांच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. बाजूची माती धरायला आधी काँक्रीटचे खांब पुरावे लागतात, ते त्या कोपऱ्यात ड्रॉइंगमध्ये दाखवलेलेच नव्हते.

ड्रॉइंग करणाऱ्या पुण्याच्या कन्सल्टंटना व्हिडिओ कॉल लावला. ते गाडीत होते. "हां, करा शिफ्ट," म्हणाले, "रिव्हाइज्ड ड्रॉइंग पाठवतो."

ते ड्रॉइंग अजून यायचं आहे. मी म्हटलं, ड्रॉइंगशिवाय खोदणार नाही. साहेब म्हणाले, "मुहूर्त गुरुवारचा आहे, गावंडे. ड्रॉइंग होऊन जाईल." गुरुवारी पोकलेन लागला. मी तोंडाने नाही म्हटलं आणि तिथंच उभा राहून खोदाई मोजून घेतली. माझ्या नाहीची किंमत एवढीच.

*

तिसऱ्या आठवड्यात तायडे बाई साइट ऑफिसात आल्या. पांढरं पातळ, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. साहेबांना वाटलं, म्हातारी धुळीची तक्रार करेल, आणि त्यांनी बिस्किटं मागवली.

बाईंनी सगळ्यांना जयभीम केला आणि म्हणाल्या, "माह्या भिंतीले भेग पडली. टाकीचं ड्रॉइंग दाखवा."

"ड्रॉइंग फार टेक्निकल असतं हो, आजी."

"मी एकतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होती," बाई म्हणाल्या. "तुमी जन्मले नसान तवापासून पुलांचे नकाशे मेणकापडावर उतरवले. आणि आजी मले माही नात म्हणते."

मी भिंतीवरचं ड्रॉइंग काढून दिलं. बाईंनी चष्मा वर करून ते नाकाजवळ धरलं. बोट दक्षिणेच्या टाकीवर ठेवलं, मग खिडकीतून ईशान्येच्या पोकलेनकडे पाहिलं.

"यावर रिव्हिजन नंबर कुठं हाय?"

साहेबांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"आमच्या खात्यात रिव्हिजन नंबर पडल्याबिगर फावडं लागत नसे," बाई म्हणाल्या. बिस्किट न घेता गेल्या. मी खाली मान घालून ड्रॉइंग परत भिंतीला टाचलं.

*

आमच्या धंद्यात एक जुनी, साधी पद्धत आहे. भिंतीला भेग पडली की तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि तारीख टाकायची. भेग जुनी असेल, भिंत स्थिर असेल, तर काच जशीच्या तशी राहते. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच खोटं बोलत नाही.

बाईंच्या भिंतीवर बाहेरून मी स्वतः चार पट्ट्या लावल्या. चौथ्या दिवशी तीन फुटल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो घेऊन साहेबांकडे गेलो, म्हटलं, "काम थांबवा. ते घर हलून राहिलं."

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "काच हलकी होती, गावंडे. मी चांगली मागवतो."

दुसऱ्या दिवशी नव्या पट्ट्या लागल्या. महिना झाला, एकही फुटली नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी स्लाइड दाखवली, 'हालचाल शून्य'. मालक खूश झाले. मला मात्र चैन पडेना. भिंतीजवळ जाऊन पट्टीवर नख दाबलं, तर पट्टी वाकली.

काच नव्हतीच ती. प्लॅस्टिक होतं.

ऑफिसात जाऊन मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण फुटत तर नाही ना?"

*

मग उलटंच सुरू झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. कंपनीनेच महापालिकेकडे अर्ज केला की शेजारचं घर जुनं, मोडकळीला आलेलं आहे, कामाला धोका आहे, ते रिकामं करून घ्यावं. पाहणी ठरली. पाहणीला एक अधिकारी येणार, आणि रिपोर्टवर साइट इंजिनीअर म्हणून सही माझी. रिपोर्ट आधीच टाइप झाला होता, 'भेगा जुन्या असून खोदकामाशी संबंध आढळत नाही.' खाली माझं नाव, वर मोकळी जागा. साहेब म्हणाले, "तुमच्या मुलीचं इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष ना, गावंडे?" एवढंच म्हणाले.

सकाळी अकराला आम्ही बाईंच्या घरात गेलो. अधिकारी, साहेब, मी, आणि टेप धरायला सुखदेव मिस्त्री. आत पाऊल टाकलं आणि मी थबकलो. प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी होती. खरी काच. बाईंनी घरातल्या सगळ्या फोटोंच्या फ्रेमा उघडून त्या काचा कापून आणल्या होत्या. आईवडिलांचे, लग्नाचे, नातीचे फोटो भिंतीवर तसेच उघडे लटकत होते. प्रत्येक पट्टीजवळ तारीख, वेळ आणि नंबर. अक्षर असं की छापल्यासारखं. बहुतेक पट्ट्या तडकलेल्या होत्या. टेबलावर ट्रेसिंग पेपर, त्यावर घराचा नकाशा, आणि प्रत्येक आठवड्याची भेग वेगळ्या शाईत.

अधिकाऱ्याने नकाशा उचलला, बराच वेळ पाहिला आणि ठेवून दिला. "हे तुम्ही स्वतः केलंय, मावशी. साक्षीदार नाही. आणि आता तर काही हलताना दिसत नाही."

"कसं हालन?" बाई म्हणाल्या. "रोज सकाळी आठपासून माह्या घरात भांडे वाजतात. आज तुमी येणार म्हणून दगड फोडणारा ब्रेकर बंद हाय."

साहेब म्हणाले, "मशीनचं मेंटेनन्स आहे."

सुखदेवने टेप गुंडाळून खिशात टाकली. खिडकीशी गेला आणि खाली पोकलेनवाल्याकडे बघून तीन बोटांचा हात वर केला. चालू कर, अशी खूण. साहेब "मिस्त्री, मिस्त्री" म्हणेपर्यंत खाली ब्रेकर दगडावर बसला. जमीन पायाखाली थरथरली, स्वयंपाकघरात ताटं वाजायला लागली. आम्ही चौघं भिंतीकडे बघत उभे होतो. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

अकरा नंबरची पट्टी टक्‌ करून तडकली.

बाईंनी पेन काढलं आणि पट्टीजवळ लिहिलं, अकरा वाजून चोवीस मिनिटं. मग पेन अधिकाऱ्यापुढे धरलं, "साक्षीदार."

"मला वर विचारावं लागेल," अधिकारी म्हणाले.

पेन साहेबांपुढे आलं. साहेबांना फोन आला होता, म्हणजे तसं त्यांनी दाखवलं.

मग पेन माझ्यापुढे आलं. काखेत तो टाइप केलेला रिपोर्ट होता. तो मी खुर्चीवर ठेवला आणि भिंतीवर, चोवीस मिनिटांच्या खाली, सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. ब्रेकर चालूच होता, अक्षरं वेडीवाकडी उमटली.

बाईंनी चष्मा वर केला, नाक भिंतीजवळ नेलं आणि सही नीट वाचली.

"अक्षर सुधारा, गावंडे," म्हणाल्या. "अजून सोळा पट्ट्यांवर सह्या बाकी हायत."