आमचं लेकरू बदललं ओ!

नळदुर्गकरांनो, ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या, पण आज लिवणारच.

दुपारी अक्कासंगं तिच्या तान्ह्या पोरीचा फोटो काढायला स्टुडिओत गेलतो. बारशाच्या पत्रिकेवर छापायचा व्हता. फोटोवाल्यानं तिला टोपलीत झोपवून फोटो काढला अन् कॉम्प्युटरवर बसला. छापून हातात दिला तर पोरगी पांढरीफेक! आमची पोरगी सावळी हाय, अक्कासारखी. अक्काचं तोंडच उतरलं. तिनं जन्मभर रंगावरनं लई ऐकलंय.

माझं डोकं सटकलं. म्या दारात उभं राहून बोंब ठोकली, "आमचं लेकरू बदललं ओ! ह्यानं दुसऱ्याचंच दिलं!"

बाकावर बसलेल्या बायांनी आपापली लेकरं छातीशी धरली. फोटोवाला घामाघूम. "अरे बाबा, तेच लेकरू हाय! म्या फकस्त गोरं केलंय!"

"कुणी सांगितलं व्हतं तुम्हाला?"

"सगळ्यांचंच करतो की. पोरीची जात, जरा उजळ दिसली तर बरं."

तवा अक्का बोलली, "दादा, पोरीचं अजून नाव न्हाय ठेवलं, अन् तुम्ही आत्ताच नावं ठेवायलात व्हय?"

बाया खदाखदा हसल्या. फोटोवाल्यानं सावळा फोटो काढून दिला.

आता तुम्ही खरं सांगा, तान्हं लेकरू बघायला गेल्यावर पयलं काय इचारता? रंग? मग आमच्या बारशाला येऊच नका.