भाषेचा रकाना

पाचवा दिवस. मारित चटईवर बसून तमिळमध्ये म्हणत होती, “इंगे वा, चेल्लम.” म्हणजे, इकडे ये गं लाडके. उच्चार अगदी स्वच्छ. आणि अडीच वर्षांची मल्लिका माझ्या साडीच्या निऱ्या धरून माझ्यामागे दडलेली.

मारित नॉर्वेची, तिकडे शाळेत शिकवणारी. मल्लिकाची होणारी आई. मी तंजावूरच्या एका बालगृहात सोशल वर्कर. परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांचे कागद माझ्याकडे असत. त्यातला मुख्य कागद चाइल्ड स्टडी रिपोर्ट. मूल काय खातं, कशाला भितं, कोणती भाषा बोलतं, असं सगळं त्यात. तिकडच्या आईबापांना एक फोटो आणि हा रिपोर्ट, एवढ्यावरच मूल कळायचं. माझ्या रिपोर्टात होतं, भाषा: तमिळ. ते वाचून या बाईने आठ महिने आपल्या गावातल्या श्रीलंकेच्या तमिळ शेजारणीकडे जाऊन तमिळ शिकून घेतलं.

आणि मल्लिकाची भाषा तमिळ नव्हतीच.

पापनाशमच्या बसस्टँडवर सापडली तेव्हा ती चार महिन्यांची होती. प्रकृती तोळामासा. असं मूल संस्थेत टिकत नाही, म्हणून ते एखाद्या घरी सांभाळायला देतात. त्याला फॉस्टर केअर म्हणतात. मी तिला रुक्मिणीकडे दिलं. रुक्मिणी आमच्यातली. मराठ्यांच्या राज्यात इथे आलेली आमची माणसं इथलीच होऊन गेली, तरी घरात अजून मराठीच बोलतात. दोन वर्षं त्या पोरीने तेच ऐकलं. तमिळ तिच्या कानावर पडायचं ते गल्लीतून, तेही येता-जाता.

मग मी मराठी का नाही लिहिलं? फॉर्म सायक्लोस्टाइल केलेला, त्या रकान्यात ‘तमिळ’ आधीच छापलेलं. मी ते तसंच ठेवून खाली सही केली. हे झालं ऑफिसात सांगायचं कारण. खरं कारण वेगळं. एकदा पुण्याला लग्नात माझं बोलणं ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तेव्हापासून ती मला स्वयंपाकघरातली भाषा वाटायची. कोर्टात जाणाऱ्या कागदावर कुठे ती लिहायची?

मारित आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच घोटाळा माझ्या लक्षात आला. चूक कबूल करायला लाजून मी बोलले नाही. शिवाय, आता लपवून काय करू, पोर माझ्याकडेच धावत येते हे मला आवडतही होतं. मूल नव्या आईशी रुळेपर्यंत फॉस्टर आईने समोर यायचं नाही, असा नियम. म्हणजे रुक्मिणी नाही. मीच हळूच मराठीत दोन शब्द बोलायची आणि मल्लिका मला बिलगायची. मारितला वाटे, हे आमचं भरभर तमिळ. लाज नाही वाटली मला मेलीला!

पाचव्या दिवशी दुपारी आमच्या सेक्रेटरी पद्मा मॅडमनी बोलावलं.

“सरोजा, ही बाई शुक्रवारी परत जाते म्हणते. मुलीला मी नको आहे, रडवून नेणार नाही, म्हणते. काय भानगड आहे?”

“मुलगी बुजते, मॅडम.”

“बुजते? हाक मारली तर मानसुद्धा वळवत नाही. स्पीच डिले असणार. तसं लिहा, मी डॉक्टरांचं पत्र घेते. उद्या आपल्यावर यायला नको.”

स्पीच डिले म्हणजे वयाच्या मानाने बोलण्यात मागे असणं. एका होणाऱ्या आईने नाकारलेली आणि वर हा शेरा, अशा पोरीला पुढे कोण घेणार? हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी पेन उघडलं आणि लिहिलं.

शाई वाळते न वाळते तोच मारित आली. हातात वही.

“सरोजा, ती जे जे बोलते ते मी लिहून ठेवलंय. काल आयएसडी बूथवरून शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणते, हे तमिळ नाही. मग काय आहे?”

वहीत इंग्रजी अक्षरं, शेजारी वेळ. दूध दिलं तेव्हा: नक्को. सरोजाकडे हात वर करून: घे. दुपारी चार, दाराकडे बघून, रोज: आई कोठें.

ही माझ्या आजीची बोली. मला तेव्हा देवनागरी वाचता येत नव्हती; आमच्यात फार थोड्यांना येते. आमचं बोलणं कागदावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते पहिल्यांदा लिहिलं एका परक्या बाईने, पाच दिवस चटईवर बसून. आणि मी त्याच बोलण्याला दोष म्हणून सही ठोकली होती.

“या शेवटच्याचा अर्थ काय?”

“माझी आई कुठे आहे,” मी म्हणाले. “ती रुक्मिणीला शोधते आहे. मराठी आहे हे. तिच्या वयाला शोभेल असं बोलते ती, मारित. मला पहिल्यापासून माहीत होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“लाज वाटली.”

“कसली?”

काय सांगणार? पुण्याच्या लग्नातली गोष्ट?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वहीचं पान उलटलं. “‘इकडे ये’ला काय म्हणतात?”

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. ओरडल्या त्या मॅडम. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग नियम बाजूला ठेवून रुक्मिणीला बोलावलं. ती मारितच्या शेजारी फतकल मारून बसली.

“अय्यो, असं घाईघाईने नक्को,” ती म्हणाली. “सावकाश म्हण. हिकडे ये, बाय.”

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मल्लिकाजवळ मारित एकटीच होती. म्हणाली, “हिकडे ये, बाय.” मल्लिका वळली. मारितच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग रिकामा टंबलर पुढे करून हुकूम सोडला, “पाणी दे.” मारितने पाणी दिलं आणि ओक्साबोक्शी रडली. मी दाराबाहेर उभी होते. आत जायचं तोंड नव्हतं.

शुक्रवार टळला. महिन्याभराने दोघी गेल्या. रिपोर्टचं काम वर्षभर माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच झालं. परत मिळालं तेव्हापासून छापील रकान्यावर विसंबले नाही. सांभाळणाऱ्या घरी जाऊन बसायची आणि मुलाला कोणत्या भाषेत झोपवतात ते ऐकायची.

रिपोर्टात चूक झाली तर पान फाडायचं नाही, असा आमचा नियम. एक रेघ मारायची, शेजारी सही करायची. मी तसंच केलं. दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन कधी कधी येतात, फाइल मागतात. मल्लिका आली तर तिला ‘तमिळ’वर रेघ दिसेल, पुढच्या पानावर ‘स्पीच डिले’वर रेघ, आणि दोन्हीकडे माझी सही. एका रेघेखालचं सगळं वाचता येतं.